अकरावीचे दार आठवीत उघडते

विद्यार्थी मित्रांनो, आज आपण एका एसटी स्थानकावर जाऊ या. विज्ञानाच्या मासिकात एसटी स्थानक कशाला, असे तुम्हाला वाटेल. थोडा धीर धरा. या स्थानकावर आपल्याला बीजगणितही भेटणार आहे आणि भौतिकशास्त्रही.

हे गाव आहे पालम. परभणी जिल्ह्यातला हा तालुका. उत्तरेच्या अंगाने गोदावरी वाहते आणि तिच्या पात्रातले जांभूळबेट पाहायला लांबून माणसे येतात. पालमहून पश्चिमेला रस्ता जातो गंगाखेडला आणि पूर्वेला नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याला. सकाळची गाडी आली की दप्तरे घेतलेली मुले-मुली चढतात, उतरतात. त्यांच्यातल्या आठवीतल्या कोणालाही विचारा, “पुढे काय व्हायचंय?” कोणी म्हणेल डॉक्टर, कोणी इंजिनिअर, कोणी कृषिशास्त्रज्ञ. आणि का म्हणू नये? १९७२ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात, परभणीला आहे!

पण आता दुसरा प्रश्न विचारा: “त्यासाठी आज, आठवीत, काय शिकायला हवं?” इथे बहुतेक मुले गप्प होतात. “ते दहावीनंतर बघू,” असेच उत्तर बहुधा मिळते. आजचा लेख या उत्तराबद्दल आहे. कारण खरी गोष्ट अशी आहे की, अकरावी विज्ञानाचे दार दहावीच्या निकालाने उघडत नाही. ते आठवी-नववीतच हळूहळू उघडते, किंवा कोणाच्या लक्षातही न येता बंद होत जाते.

दार बंद कसे होते?

अकरावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक मिळाले तर चाळून पाहा. पहिले प्रकरण मापनाचे आणि दुसरे चक्क गणिती पद्धतींचे. त्यात सदिश येतात, कलनशास्त्राची ओळख येते. त्यानंतर मग गती, बल, गुरुत्वाकर्षण. म्हणजे भौतिकशास्त्राच्या वाड्यात शिरायचे तर उंबरठा गणिताचा आहे. ज्याला समीकरण सोडवता येते, आलेख काढता येतो, ऋण संख्यांची भीती वाटत नाही, तो हा उंबरठा सहज ओलांडतो. ज्याची ही तयारी झालेली नाही, तो पहिल्या महिन्यातच अडखळतो. “मला विज्ञान जमत नाही,” असे म्हणून तो बाहेर पडतो. त्याला विज्ञान जमत नव्हते का? नाही! त्याची तयारी कोणी करून घेतली नव्हती, एवढेच. ‘जमत नाही’ आणि ‘शिकवले गेले नाही’ या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

कधी कधी तर हे दार आपल्याच हातांनी लावले जात असे. काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या राज्यात नववी-दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी ‘सामान्य गणित’ घेण्याची सोय होती. गणिताची भीती वाटणाऱ्या मुलांना तिचा आधार वाटे. पण त्या वाटेने गेलेल्या मुलाला पुढे विज्ञान शाखेकडे वळणे अवघड होऊन बसे. चौदा वर्षांच्या मुलाने घेतलेला, किंवा त्याच्या वतीने मोठ्यांनी घेतलेला तो एक निर्णय त्याचे पुढचे सारे आयुष्य ठरवी. नववीचा अभ्यासक्रम २०१७-१८ मध्ये बदलला तेव्हा हा पर्याय बंद झाला आणि बीजगणित व भूमिती सर्वांना आली. विषय तर सर्वांना मिळाला. पण विषय वेळापत्रकात असणे वेगळे आणि तो खरोखर समजणे वेगळे, नाही का?

थोडे मागे वळून पाहू

तुमच्या आजोबांना विचारा, त्यांची शालान्त परीक्षा कोणत्या इयत्तेला होती? ते वयाने पुरेसे मोठे असतील तर “अकरावीला!” असे सांगतील. त्या काळी अकरावीनंतर कॉलेजात जाऊन पदवीपूर्व अभ्यासक्रमाचे वर्ष करावे लागे. कॉलेज असे शहरात. म्हणजे महाविद्यालयाच्या शिक्षणाची पूर्वतयारी करण्यासाठीसुद्धा गाव सोडावे लागे. ज्याच्याजवळ पैसे आणि शहरात राहायला नातेवाईक, त्याचीच ती तयारी होई.

१९६४ ते १९६६ या काळात भौतिकशास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोगाने देशाच्या शिक्षणाचा विचार केला. पहिली दहा वर्षे सर्वांना गणित आणि विज्ञान शिकवावे, असे या आयोगाने सुचवले. पुढे दहा, दोन आणि तीन वर्षांचा नवा आकृतिबंध आला. महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली. अकरावी-बारावीचे वर्ग कॉलेजांबरोबरच माध्यमिक शाळांनाही जोडता येऊ लागले. या बदलाचे महत्त्व ध्यानात घ्या. महाविद्यालयाची पूर्वतयारी शहरातून उठून शाळेच्या दारात आली! लहान गावांसाठी ही फार मोठी संधी होती.

पण संधी दारात आली म्हणजे घरात आली असे होत नाही. तिला आत घेण्यासाठी खालच्या वर्गांतली तयारी हवी. नेमकी तीच आज लहान गावांतल्या कित्येक मुलांना मिळत नाही. लातूरला किंवा नांदेडला खोली घेऊन, शिकवणीची फी भरून ही तयारी विकत घ्यावी लागते. ज्याला ते परवडत नाही, त्याने काय करायचे?

एका बापाला पडलेला प्रश्न

हा प्रश्न फक्त पालमचा किंवा मराठवाड्याचा आहे असे समजू नका. जगातल्या श्रीमंत देशांतही तो पडला आहे. अमेरिकेत रॉबर्ट मोझेस नावाचे गणिताचे एक शिक्षक होते. १९६० नंतरच्या दशकात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीय नागरिकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून त्यांनी जिवावर उदार होऊन काम केले. पुढे १९८२ मध्ये ते मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज शहरी राहत होते. त्यांची मुलगी आठवीत गेली आणि त्यांच्या लक्षात आले की, तिच्या शाळेत आठवीला बीजगणित शिकवतच नाहीत! बीजगणित नाही म्हणजे पुढे वरच्या दर्जाचे गणित नाही, आणि ते नाही म्हणजे विज्ञानाच्या उच्च शिक्षणाची वाट बंद.

मोझेस यांनी काय केले? शिक्षिकेच्या निमंत्रणावरून ते स्वतः वर्गात जाऊन आपल्या मुलीला आणि आणखी काही मुलांना बीजगणित शिकवू लागले. त्या मुलांपैकी काहींनी शहराची बीजगणिताची परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली. त्या शाळेत असे पूर्वी कधी घडले नव्हते.

यानंतरची हकीकत तर मोठी बोलकी आहे. शाळेतल्या पालकांना विचारण्यात आले: तुमच्या मुलाने बीजगणित शिकावे का? पालक म्हणाले, हो, शिकावे. मग विचारले: वर्गातल्या सर्वच मुलांनी शिकावे का? तेव्हा मात्र फार थोड्यांनी हो म्हटले. आपले मूल हुशार, बाकीच्यांना कसे जमेल, असा हा विचार! या प्रश्नावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी बीजगणित सर्वांसाठी खुले झाले. मोझेस यांच्या मते मतदानाचा हक्क जितका मोलाचा, तितकाच गणित शिकण्याचा हक्कही मोलाचा होता. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

एसटीने केलेले बीजगणित

मोझेस यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. पुष्कळ मुले संख्येला एकच प्रश्न विचारतात, “किती?” बीजगणिताला मात्र दुसराही प्रश्न लागतो, “कोणत्या दिशेने?” हे शिकवण्यासाठी त्यांनी मुलांना भुयारी रेल्वेतून नेले आणि तिच्या स्थानकांची संख्यारेषा केली. आपल्याकडे भुयारी रेल्वे कुठून आणायची? पण आपली एसटी काय वाईट आहे?

चला तर, वहीत एक आडवी रेघ काढा. मधोमध पालम. त्याला शून्य म्हणू. उजवीकडे, लोह्याच्या दिशेने येणारे थांबे अधिक १, अधिक २, अधिक ३. डावीकडे, गंगाखेडच्या दिशेचे थांबे उणे १, उणे २, उणे ३. झाली आपली संख्यारेषा!

आता समजा, एक मुलगी उणे ३ या थांब्यावर गाडीत बसली आणि अधिक २ या थांब्यावर उतरली. ती किती थांबे आणि कोणत्या दिशेने गेली? बोटाने मोजा. पालमपर्यंत तीन थांबे आणि पुढे दोन, एकूण पाच, लोह्याच्या दिशेने. म्हणजे उत्तर अधिक ५. आता हेच रीतीने मांडू. पोचलेल्या जागेतून निघालेली जागा वजा करायची: २ वजा (उणे ३). उत्तर तर ५ आहे, हे आपण बोटाने मोजून पाहिलेच. म्हणजे ‘वजा उणे ३’ आणि ‘अधिक ३’ एकच! ‘वजा वजा अधिक’ हा नियम तुम्ही पाठ केला असेल. आज तो एसटीने सिद्ध करून दाखवला.

परतीचा प्रवास पाहा. अधिक २ वरून उणे ३ वर. उणे ३ वजा २, बरोबर उणे ५. थांबे तेवढेच, पण दिशा उलटी. आणि सकाळी गेलेली मुलगी संध्याकाळी आपल्याच थांब्यावर परत आली तर? तिने एकूण दहा थांब्यांचा प्रवास केला, पण ती जिथे होती तिथेच आहे. दहा थांबे हे तिने कापलेले अंतर. शून्य हे तिचे विस्थापन. अंतर आणि विस्थापन यांतला हा फरक नववीच्या विज्ञानात येतो. अकरावीतल्या सदिशांची सुरुवातही इथूनच होते. एका रेघेवर आपण आठवीतून अकरावीपर्यंत जाऊन आलो. सांगा बरे, यात न जमण्यासारखे काय होते?

मोझेस यांची रीत अशी पायरीपायरीने जाते. आधी प्रत्यक्ष अनुभव घ्या. मग त्याचे चित्र काढा. मग ते आपल्या घरच्या बोलीत सांगा. मग तीच गोष्ट काटेकोर शब्दांत मांडा. आणि चिन्हे सर्वांत शेवटी वापरा. आपल्या वर्गात पुष्कळदा उलटे होते. चिन्हे आधी येतात आणि अनुभव कधी येतच नाही.

दोरा, दगड आणि घड्याळ

गणितासारखीच प्रयोगाचीही तयारी लागते. “आमच्या प्रयोगशाळेत उपकरणे नाहीत,” ही तक्रार खरी असते. ती करत राहिलीच पाहिजे. पण तोवर हात बांधून बसू नका. एक मीटर लांबीचा दोरा घ्या. त्याला लहानसा दगड बांधा आणि दाराच्या चौकटीला टांगा. दोऱ्याची लांबी टांगलेल्या ठिकाणापासून दगडाच्या मध्यापर्यंत मोजा. दगड थोडासाच बाजूला ओढून सोडा आणि वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजा. तो सुमारे ४० सेकंद येईल. म्हणजे एका आंदोलनाला २ सेकंद. आता दोरा २५ सेंटिमीटर करा. लांबी चौथाई झाली, मग वेळही चौथाई होईल का? मोजून पाहा. तो चौथाई होत नाही, निम्मा होतो!

आता एक मीटरचीच आकडेमोड पुढे नेऊ. पायच्या वर्गाची चौपट सुमारे ३९.५ होते. तिला मीटरमधल्या लांबीने गुणा आणि एका आंदोलनाच्या वेळेच्या वर्गाने, म्हणजे ४ ने, भागा. उत्तर येते ९.९ च्या आसपास. पुस्तकात गुरुत्व त्वरण ९.८ दिलेले असते. पालममधल्या एका दाराच्या चौकटीत, दोऱ्याने आणि दगडाने, तुम्ही पृथ्वीचे गुरुत्व मोजलेत! मोजणे, पुन्हा मोजणे, तक्ता करणे, आलेख काढणे, चूक कुठे झाली ते शोधणे, हीच अकरावीच्या प्रात्यक्षिकाची खरी पूर्वतयारी आहे.

भाषेचा ओढा

तिसरी अडचण भाषेची. दहावीपर्यंत ‘त्वरण’ म्हणणाऱ्या मुलाला अकरावीत अचानक ‘ॲक्सिलरेशन’ ऐकू येते. कल्पना ओळखीची असते, पण तिने कपडे बदललेले असतात. मूल बावरते. नीट ही परीक्षा आज मराठीतूनही देता येते. पण विज्ञान शाखेचे रोजचे शिकवणे बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून होते. म्हणून आठवीपासूनच एक जोडवही करा. डाव्या पानावर मराठी शब्द, उजव्या पानावर त्याचा इंग्रजी जोडीदार: विस्थापन आणि डिस्प्लेसमेंट, त्वरण आणि ॲक्सिलरेशन, रोध आणि रेझिस्टन्स. दिवसाला दोन शब्द लिहिले तरी तीन वर्षांत दोन हजारांहून अधिक होतात. मग अकरावीत भेटणारा शब्द परका राहत नाही.

वाट, पैसा आणि कायदा

पण सगळेच काही विद्यार्थ्याच्या हातात नसते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पालम तालुक्यात लेंडी नदीला पूर आला की फळा, आरखेड, सोमेश्वर, घोडा यांसारख्या नदीपलीकडच्या गावांचा संपर्क तुटल्याच्या बातम्या कितीतरी पावसाळ्यांत आल्या आहेत. जून ते सप्टेंबर म्हणजे अभ्यासाचा पाया घालण्याचे दिवस. नेमके त्याच दिवसांत मूल घरी अडकले, तर त्याचा दोष काय? पूल हादेखील शिक्षणाचाच प्रश्न आहे.

कायद्याकडेही पाहा. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. म्हणजे कायद्याने दिलेला हक्क आठवीला संपतो. पुढच्या तयारीला वेग यायचा, तोच हा आधार सुटतो. महाज्योतीसारख्या शासकीय संस्थेने इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेश परीक्षांचे मोफत प्रशिक्षण चालवले आहे. ही चांगलीच गोष्ट. पण ते मिळते दहावीनंतर. ज्याचे बीजगणित आठवीत सुटले, तो तिथवर पोचणार कसा?

काही सोयी मात्र आजच तुमच्या हाताशी आहेत. आठवीत असाल तर राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा द्या. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या किंवा अनुदानित शाळेत असाल आणि घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर ती तुमच्यासाठी आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. खेड्यातून शाळेत येणाऱ्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. मुख्याध्यापकांना विचारा. विचारण्यात संकोच कसला?

मागायचे काय?

शिक्षक बंधु-भगिनींनो, आता थोडे तुमच्याशी. पूर्वतयारीचा वर्ग म्हटला की पहिल्या दहा मुलांची निवड करण्याचा मोह होतो. तो टाळावा, ही विनंती. निवडलेली दहा मुले बहुधा कशीही पुढे जातात. अकराव्या मुलाचे काय? आठवड्यातून दोन तास, शनिवारची सकाळ आणि सर्वांना खुला वर्ग. एवढ्याने सुरुवात करता येईल. एक तास बीजगणिताचा, एक प्रयोगाचा. शाळेला अकरावी-बारावीचे विज्ञानाचे वर्ग जोडलेले असतील, तर महिन्यातून एकदा आठवीच्या मुलांना ती प्रयोगशाळा दाखवा. ज्या खोलीत आपण उद्या बसणार, ती खोली आज पाहिलेली असली की भीती निम्मी होते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही मागायला शिका. वर्गातले पाच-दहा जण मिळून मुख्याध्यापकांना अर्ज लिहा: आम्हाला बीजगणिताचा जादा तास हवा, प्रयोगशाळा आठवड्यातून एकदा उघडी हवी. गाडीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नसेल तर आगारप्रमुखांना लिहा. पालकांना सांगा, हा विषय शाळेच्या सभेत काढा. अर्जात मोघम लिहू नका. किती मुले, कोणत्या गावांची, कोणता तास बुडतो, हे आकड्यांनी लिहा. वैज्ञानिक जसा नोंदी ठेवून आपले म्हणणे मांडतो, तसेच तुम्हीही मांडा. गाऱ्हाणे ऐकून विसरले जाते. नीट केलेली नोंद मात्र सहज बाजूला सारता येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी एसटीत बसाल, तेव्हा खिडकीतून थांबे मोजा आणि स्वतःला दोन्ही प्रश्न विचारा. आपण किती आलो? आणि कोणत्या दिशेने? मग शेजारी बसलेल्या मित्रालाही तेच विचारा. त्याला उत्तर आले नाही, तर उतरण्यापूर्वी वहीत एक रेघ काढा आणि त्याला समजावून सांगा. त्या रेघेवर शून्य जिथे मांडाल तिथे असते. तुम्ही ते आपल्या गावावर मांडा आणि तिथून मोजायला लागा.